पेटीच्या घरी शेवटचं गाणं

ते खोटं बोलायला मला दीड सेकंदही लागला नाही. आणि त्याची लाज मात्र पुढचे पंधरा दिवस पुरली…

त्या दिवशी मी धोंडूकाकांच्या दुकानात बाबांची पेटी न्यायला गेले होते. रत्नागिरीत रामआळीच्या मागच्या बोळात त्यांचं एका खोलीचं दुकान आहे. तिथं ढोलक्या, झांजा आणि पोट उघडं टाकलेल्या पेट्या अशा रचलेल्या असतात की गिऱ्हाइकानं उभं कुठं राहायचं, हाच प्रश्न पडतो. सहा डिसेंबरच्या कार्यक्रमात आमच्या पेटीतला एक सूर मुका झाला होता. तो बोलता करून काकांनी पेटी माझ्यापुढे ठेवली.

"जरा वाजवून बघ. मग नको सांगूस, धोंडूनं फसवलान."

मी तिथंच फरशीवर बसले, भाता सोडला, आणि बोटं आपोआप जिथं जातात तिथं गेली. बाबांच्या पाळण्यावर. दरवर्षी चौदा एप्रिलला बाबा आमच्या वाडीत बाळ भीमाचा पाळणा म्हणतात. शब्द त्यांचे, चालही त्यांचीच. ती चाल मला चालायला येण्याआधी येत असावी.

"आणखी एकदा… प्लीज."

मी मान वर केली. दारात एक मुलगा उभा होता. खांद्यावर जुनी जड पेटी, केसांत कोळिष्टक, आणि डोळे सरळ माझ्या बोटांवर. चेहऱ्यावर नाही, बोटांवर. त्यामुळे मला उगीचच बांगड्या सारख्या कराव्याशा वाटल्या.

"चर्चची पेटी आहे, काका," तो म्हणाला. "उंदरांनी भाता खाल्लाय. आणि नाताळ पंधरा दिवसांवर आला."

"जानेवारीच्या आत जमायचं नाय," काका म्हणाले.

याला वाईट वाटायला हवं होतं. त्यानं पेटी खाली ठेवली आणि मलाच विचारलं, "ही चाल कोणाची आहे हो?"

आता इथं मला एक गोष्ट सांगायला हवी. कोकणात माणसाची ओळख एका प्रश्नानं होते: 'कोणाची गो तू?' मी म्हणते, मोहित्यांची. मोहिते हे मोठं सोयीचं आडनाव आहे. पण त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न येतो. मोहिते म्हणजे कुठले? कुठल्या वाडीतले? सातवीत असताना मैत्रिणीच्या घरी गौरींना गेले होते, तेव्हा तिच्या काकूंनी हा दुसरा प्रश्न विचारला. मी आनंदानं उत्तर दिलं, आमच्या वाडीचं नाव सांगितलं, माझे बाबा गाणी करतात, भीमगीतं गातात, हेही सांगितलं. काकू हसल्याच, वाईट काहीच बोलल्या नाहीत. फक्त माझ्या पुढचं ताट मागे गेलं आणि प्रसाद कागदावर आला. तेव्हापासून मी पहिल्या प्रश्नालाच विषय बदलायला शिकले. गावातून रोज एस.टी.नं शहरात यायचं, वकिलांच्या ऑफिसात टायपिंग करायचं, आणि बाबांच्या गाण्याचा 'ग' सुद्धा काढायचा नाही.

'बाबांची चाल' म्हटलं असतं, तर पुढे आलंच असतं की बाबा काय गातात, कुठं गातात…

"माझीच," मी म्हटलं.

धोंडूकाका ढोलकीच्या दोऱ्या ओढत होते. त्यांना ऐकू गेलं की नाही, कुणास ठाऊक.

"तुमची!" त्याचा चेहरा असा उजळला की खोटं परत घ्यायची वेळ तिथंच निघून गेली. त्यानं खिशातून चौघडी घातलेला कागद काढला. "मी अभय. मी बाळ येशूचा एक पाळणा लिहिलाय. दोन वर्षं झाली, चालच मिळत नाही. मी स्वतः लावून बघितली होती. आई म्हणाली, असं म्हटलंस तर निजलेलं बाळ उठेल."

मी हसले. हसायला नको होतं. कागदावर लिहिलं होतं:

जांभ्या दगडाचा गोठा गं,
निजला राजा मोठा गं…
पेंढ्याची ऊब, आईचा हात,
दारात थांबली थंडीची रात.

मी मनातल्या मनात ते शब्द बाबांच्या चालीवर ठेवून पाहिले. चपखल बसले.

"जांभा?" मी विचारलं. "बेथलेहेमात?"

"आमचा येशू रत्नागिरीत जन्मतो," अभय म्हणाला. "तुमची चाल द्याल? आणि… पेटी? आणि पेटी आली म्हणजे पेटीवालीपण आलीच."

दिली. चाल दिली, पेटी दिली, दोन्ही माझ्या नव्हत्या.

घरी बाबांना पेटीचं विचारलं तेव्हा ते अंगणात लाकडं फोडत होते. वीस वर्षं मुंबईत वॉचमनकी करून ते आता गावी असतात. सगळं ऐकून त्यांनी घाम पुसला.

"ने की गो बाय. देवाच्या गाण्याला मागितलानी, नाय कसं म्हणायचं? पेटी वाजती ऱ्हायली पायजे." आणि थोड्या वेळानं, "कुठलं गाणं म्हणतात ती माणसं?"

"त्यांचंच… नाताळचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी पुसून, तेल लावून, नव्या पांढऱ्या फडक्यात बांधून दारात ठेवलेली होती. मी ती उचलली आणि त्यांच्याकडे न बघता निघाले.

सराव सुंदराबाईंच्या घरी असायचा. सुंदराबाई म्हणजे अभयची आत्या, निवृत्त नर्स, सत्तरीच्या, आणि कॅरलच्या, म्हणजे दारोदार म्हणायच्या नाताळगाण्यांच्या, सगळ्या कारभाराच्या मुख्य. त्यांचा एक कान पूर्ण गेलेला आणि दुसरा त्यांच्या मर्जीनं चालायचा. मी आत पाऊल टाकलं आणि त्यांनी चष्म्यातून बघून तोच प्रश्न टाकला.

"कोणाची गो तू?"

"पेटीची," मी म्हटलं.

सगळे हसले. अभय सर्वांत जास्त. मीही हसले आणि पटकन पेटीचा भाता सोडला.

गाणं दोन दिवसांत बसलं. दहा-बारा आवाज, एक ढोलकी, माझी पेटी. अभय मात्र कोरसमध्ये नव्हता. तो भिंतीला टेकून ओठ हलवायचा.

"तुम्ही का नाही म्हणत?" मी विचारलं.

"मला बंदी आहे. कॅरलला नेतात ते फक्त तारा धरायला." काठीला बांधलेला, आत बल्ब असलेला कागदी तारा त्यानं दाखवला. "अकरा वर्षं मी हेच काम करतोय. बढती नाही, काही नाही."

"शब्द लिहिता की."

"शब्द लिहिताना सूर लागत नाही ना."

सराव संपला की सुंदराबाई सगळ्यांना कामाला लावायच्या. नाताळच्या फराळाचे कलकल करायचे होते. नारळाच्या दुधात भिजवलेल्या पिठाची छोटी गोळी कोऱ्या कंगव्यावर दाबायची, अंगठ्यानं पुढे लोटायची, की तिची रेघारेघांची गुंडाळी होते. माझ्या झटकन व्हायला लागल्या. आमच्या वाडीत दिवाळीला बायका मिळून करंज्या करतात, त्यात मी लहानपणापासून बसलेली. अभयच्या गुंडाळ्या मात्र अर्ध्यातच उलगडायच्या.

"तुमचं गाणं आणि तुमचे कलकल एकाच पट्टीत आहेत," मी म्हटलं.

"मग शिकवा. दोन्ही."

"एका वेळी एक."

"आधी कोणतं?"

"ज्यानं शेजाऱ्यांना त्रास कमी होईल ते."

त्यानं कंगवा माझ्यापुढे धरला. मी त्याचा अंगठा धरून दाबला, पुढे लोटला… आणि गुंडाळी झाल्यावरही अंगठा सोडायला विसरले. खोलीत नारळाच्या दुधाचा आणि तापल्या तेलाचा वास भरला होता. "झाली," तो हळूच म्हणाला. "हो, झालीच," मी म्हटलं आणि कान तापेपर्यंत लाजले.

ती लाज गोड होती. पण घरी एस.टी.तून येताना दुसरी लाज शेजारी येऊन बसायची. मी काय करतेय? बाबांनी लावलेली चाल, बाबांच्या पेटीवर, आणि नाव माझं. रोज ठरवायचे, उद्या सांगायचं. अन् रोज उद्या अभय काहीतरी असं बोलायचा, की सांगणं आणखी अवघड व्हायचं.

चर्चमध्ये गव्हाणी मांडायची होती, त्या दिवशी मी ऑफिस सुटल्यावर तिथं गेले. जांभ्याचे तुकडे रचून गोठा केला होता. करवंट्यांत पेरलेली नाचणी वीतभर उगवली होती. ती गव्हाणीभोवती गवत म्हणून मांडायची. खिडकीतून शेजारच्या कलमांच्या मोहोराचा वास येत होता. अभय गुडघ्यांवर बसून करवंट्या लावत होता. अचानक म्हणाला, "शमिका, तू… म्हणजे तुम्ही…"

"तूच म्हण."

"तू पण म्हण."

"मी विचार करीन," मी म्हटलं. आणि लगेच, "ती करवंटी वाकडी ठेवलीयस तू."

त्याला इतका आनंद झाला की त्यानं आणखी दोन वाकड्या ठेवल्या. मग पिशवीतून छापून आणलेल्या गाण्याच्या कागदांचा गठ्ठा काढला. वरचा कागद मला दिला. पाळण्याच्या खाली ठळक अक्षरांत होतं: शब्द: अभय. चाल: शमिका मोहिते.

"आपली नावं शेजारी," तो म्हणाला. "बरी दिसतात ना?"

मला खरंच रडू आलं. त्याला वाटलं, आनंदानं.

"आणि ऐक. आमच्याकडे एक रीत आहे. कॅरलला वाद्य ज्या घरचं, त्या घरी शेवटच्या दिवशी शेवटचं गाणं म्हणायचं. आजवर पेटी चर्चचीच, म्हणून चर्चच्या दारात म्हणायचो. यंदा तुझ्या घरी. तुझ्या आईबाबांपुढे."

करवंटी माझ्या हातातून निसटली. वाडीत? बाबांपुढे? तीच चाल?

"बाबा नसतात," मी म्हटलं. "मुंबईला असतात."

"नाताळला येणार नाहीत?"

"नाही. आणि घर लांब आहे, हातखंब्याच्या पुढे. नको, अभय… चर्चच्या दारातच म्हणा."

तो थोडा हिरमुसला. मी खाली बसून सांडलेली माती भरत राहिले. जिवंत, चालत्याबोलत्या, घरी माझी वाट बघत बसलेल्या बापाला मी एका वाक्यात मुंबईला पाठवून दिलं होतं. मला माझाच इतका तिटकारा आला की काय सांगू.

तेवीस तारखेला दुपार उतरताच कॅरलची मंडळी टेम्पोतून निघाली. दारोदार जायचं, दोन गाणी म्हणायची, कुणी केक द्यायचं, कुणी खोबऱ्याची वडी, कुणी नुसतंच डोळे पुसायचं. अभय तारा उंच धरून पुढे. सगळी घरं झाली तेव्हा सूर्य भाट्याच्या खाडीकडे झुकला होता. मी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि टेम्पो चर्चकडे वळायच्या ऐवजी हातखंब्याच्या रस्त्याला लागला.

"कुठं चाललोय?" मी विचारलं.

"पेटीच्या घरी!" सुंदराबाई म्हणाल्या. "रीत म्हणजे रीत. पत्ता धोंडूनं दिलान मला."

"तुझे बाबा नसले तरी आईपुढे म्हणू," अभय माझ्या कानाशी म्हणाला. "रागावू नकोस… तुझं घर बघायचं होतं मला."

मी पेटीला घट्ट धरून बसले. टेम्पो वळणं घेत होता आणि मी प्रत्येक वळणाला मनात म्हणत होते, बंद पडू दे, चाक निघू दे, काहीही होऊ दे. काहीच झालं नाही. वाडीच्या तोंडाशी विहार दिसला, त्याच्यावरचा निळा झेंडा दिसला. मी अभयच्या चेहऱ्याकडे बघितलं. गौरींच्या त्या दुपारपासून मला ठाऊक असलेला तो बारीक बदल मी शोधत होते. झेंडा बघून त्याचा चेहरा तसाच राहिला. तो बदलला आमच्या अंगणात शिरल्यावर, कारण पायरीवर इस्त्रीचा पांढरा सदरा घालून बाबा उभे होते.

"या, या! मी रावजी मोहिते, शमिकाचे वडील. धोंडूनं फोन केलान, मंडळी येतायत म्हणून. अगो, चटया टाका गो कुणीतरी!"

अभयनं एकदा बाबांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग तारा दुसऱ्या हातात घेतला आणि खाली बघत राहिला.

आई पाणी घेऊन आली. शेजारपाजारचे जमले. आणि सुंदराबाईंनी हात वर केला, "पाळणा!"

वाजवायचं मला होतं. पळून जायचं तर पेटी सोडून जावं लागणार होतं. मी भाता दाबला.

पहिल्या ओळीला बाबा कौतुकानं माझ्याकडे बघत होते. 'निजला राजा मोठा गं' आलं आणि त्यांचं हसू जागच्या जागी थांबलं. ते पुसलं गेलं नाही, नुसतं थांबलं. आईनं त्यांच्याकडे बघितलं. शेजारच्या वैष्णवीकाकींनी आईकडे बघितलं. वाडीतल्या प्रत्येकाला ती चाल ठाऊक होती. दरवर्षी ते सगळे तीच तर म्हणतात, रामजीच्या घरी उजेड गं, भीमाई, पाळणा ओढ गं… मी वाजवत होते आणि जमीन मला पोटात घेत नव्हती.

बाबा वळले आणि घरात गेले.

संपलं, मला वाटलं. आता ते बाहेर येणार नाहीत. पण दुसरं कडवं सुरू होताना ते आले, हातात त्यांची ढोलकी घेऊन. पायरीवर बसले आणि ठेका धरला. कडव्याच्या शेवटी एक जागा आहे, तिथं बाबा क्षणभर थांबतात, पाळणा मागे जाऊन थांबतो तसे. मी ती जागा या मंडळींना शिकवलीच नव्हती. अवघड म्हणून सरळ करून टाकली होती. बाबा तिथं थांबले. ढोलकी थांबली, तशी माझी बोटंही थांबली. सगळं अंगण क्षणभर गप्प झालं, आणि मग पुन्हा सूर खाली आला. सुंदराबाईंनी डोळे मिटले. गाणं आता कुठं खरं झालं होतं.

संपल्यावर अभयच बोलला. "काका… तुम्हाला ही चाल कशी येते?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. एकदाच.

"कशी म्हणजे? पोर रोज घरी वाजवायची ना," ते म्हणाले. "ऐकून ऐकून हात बसला. हुशार हाय ती."

माझे बाबा कधी खोटं बोलत नाहीत. वाडीत भांडण झालं तर साक्षीला त्यांना बोलावतात. ते सगळ्या वाडीसमोर, माझ्यासाठी, खोटं बोलले. आणि वाडीतलं एकही माणूस काही बोललं नाही. सगळ्यांनी मिळून माझी लाज झाकली. माझ्याकडून ते सहनच होईना.

"ही चाल माझी नाही," मी म्हटलं.

"काय म्हणते?" सुंदराबाईंनी कानामागे हात धरला.

"ही चाल… माझी नाही."

"मोठ्यानं बोल गो, काय नाही?"

"ही चाल माझी नाही!" मी ओरडले. झाडावरचे कावळे उडाले. "बाबांची आहे! बाळ भीमाच्या पाळण्याची आहे! मी चोरली! आणि बाबा मुंबईला नसतात, ते इथंच असतात, रोज असतात, आणि मी… मला ते सांगायची लाज वाटली!"

कुणी तरी माझ्या पाठीवर हात ठेवला, तो आईचा होता. बाबांनी ढोलकी बाजूला ठेवली.

"चोरली कसली," ते सुंदराबाईंना म्हणाले. "तान्ही होती तवा रडायची थांबना. म्हणून गुणगुणत बसलो, तीच ही चाल. शब्द नंतर आले. म्हणजे तिचीच की."

कुणी हसलं, कुणी केक कापला. टेम्पो निघाला तेव्हा अभयनं बाबांना वाकून नमस्कार केला. माझ्याकडे न बघता तो तारा घेऊन मागे चढून बसला.

अंगण झाडताना मी बाबांना म्हटलं, "चुकलं माझं."

"चाल नेलीस त्याचं काय नाय," बाबा म्हणाले. "पण मला मुंबईला कशाला गो धाडलंस? वीस वर्षं ऱ्हायलो की तिथं." ते हसायला गेले, पण आवाज फुटला. तो आवाज मी कधी विसरणार नाही.

चोवीसला मी अर्धा दिवस रजा टाकून चर्चमध्ये गेले. गाण्याच्या कागदांचा गठ्ठा मागच्या बाकावर होता. मी पेन काढलं आणि माझं नाव खोडायला बसले. एकेक कागद. शमिका मोहिते वर काट, शेजारी रावजी मोहिते.

"एक रेघ पुरे," मागून आवाज आला. "तू कागदाला भोकं पाडतेयस."

अभय. तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला, अर्धे कागद ओढून घेतले आणि लिहायला लागला.

"राग आलाय?" मी विचारलं.

"आलाय."

"चालीचा?"

"चालीचा कशाला? चाल मिळाली मला. मी आठवडाभर आईला सांगतोय, तिचे बाबा मुंबईहून आले की त्यांना भेटायला जाऊ. आईनं साडी काढून ठेवलीय."

"भेटायला… कशासाठी?"

"ते आता नाही सांगणार. रागावलोय ना मी."

मग मी त्याला सगळं सांगितलं. पहिला प्रश्न, दुसरा प्रश्न, गौरींचं ताट, कागदावरचा प्रसाद. सांगताना मी कागदांकडेच बघत होते. त्याचं पेन थांबलं होतं.

"मला काय विचारतात माहितेय?" तो म्हणाला. "नाव अभय, आणि चर्चमध्ये कसे? आधीचे कोण तुम्ही? … माझ्या पणजोबांचं घरही गावाबाहेरच्या वाडीतच होतं, शमिका. तुमच्यासारख्याच."

"मग तू काय सांगतोस?"

"मी? मी क्रिकेटचा विषय काढतो." तो कसनुसा हसला. "काल तू वाडीसमोर ओरडलीस ना, तेव्हा मला तुझा राग आला, आणि माझी लाज वाटली. मला अजून तेवढं मोठ्यानं ओरडता आलेलं नाही."

मी त्याच्या हातातला कागद बघितला. बाबांच्या नावाखाली त्यानं तिसरी ओळ घातली होती. पेटी: शमिका.

"पेटीवाल्यांची नावं कधी छापतात का?"

"गाणं चालू असताना मी तारा सोडून जिच्याकडे बघतो, तिचं छापतात," तो म्हणाला आणि पुढचा कागद ओढला. "काकांना सांग, उद्या सकाळी नऊला उपासना आहे. ती थांबायची जागा आमच्या लोकांना एकट्यानं जमणार नाही."

नाताळच्या सकाळी बाबा आले. तोच पांढरा सदरा, बरोबर आई. दारात ते जरा घुटमळले, चपला कुठं काढायच्या म्हणून. सुंदराबाई स्वतः उठून त्यांना पुढे घेऊन गेल्या. मी पेटीवरून उठले आणि जागा बाबांना दिली. पाळकसाहेबांनी माईकवरून वाचलं, "शब्द अभय, चाल रावजी मोहिते." बाबांनी खाली मान घातली आणि भाता दाबला. त्या दिवशी त्या जागेवर सगळं चर्च थांबलं. अभय गायला, कुणी त्याला अडवलं नाही. तो पहिल्या ओळीपासून बेसूर होता आणि मला ते फार आवडलं.

उपासना सुटल्यावर लोक एकमेकांना नाताळच्या शुभेच्छा देत होते. बाबा अजून पेटीवर बसून हळूहळू तीच चाल वाजवत होते. नाताळसाठी मुंबईहून आलेल्या, रेशमी साडीतल्या एक मावशी माझ्यासमोर येऊन थांबल्या. मला न्याहाळलं.

"गोड गं. कोणाची गो तू?"

शेजारी अभय उभा होता. पण त्यानं क्रिकेटचा विषय काढला नाही.

"रावजी मोहित्यांची," मी म्हटलं. "ते बघा, पेटीवर बसलेत. आम्ही हातखंब्याच्या पुढे, बौद्धवाडीतले. बाबा भीमगीतं गातात. आत्ताची चाल त्यांचीच. चौदा एप्रिलला या, मूळ पाळणा ऐकायला मिळेल."

त्यांच्या चेहऱ्यात काही बदललं का? मी बघितलंच नाही. पहिल्यांदाच मला बघावंसं वाटलं नाही.

"आणि तुझी कोण रे ही, अभय?" मावशींनी विचारलं.

अभय तांबडालाल झाला. माझ्याकडे बघितलं.

"सांग ना," मी म्हटलं. "पण खरं असेल तेच सांग. खोट्याचा मला आता फार कंटाळा आलाय."

"मला हिच्याशी लग्न करायचंय, मावशी," तो म्हणाला. त्याच्या नेहमीच्या पट्टीत, म्हणजे मागच्या बाकापर्यंत जाईल असं. "तिला अजून विचारलं नाहीये."

"आता विचारलंस की," मी म्हटलं.

मागे पेटी चालू होती, ती मध्येच थांबली. मी वळून बघायचं धाडस केलं नाही. अभयनंही नाही. क्षणभर सगळं गप्प… आणि मग बाबांनी भाता दाबला आणि पाळणा पुन्हा पहिल्या ओळीपासून धरला.